इंजिन ऑइल जळाल्याचा वास: भाग बदलण्याआधी गळतीची जागा शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, वय आठ वर्षे, ९०,००० किलोमीटर झालेले. दीड महिन्यापूर्वी ऑइल आणि फिल्टर बदलून घेतले आणि त्यानंतर गाडी साधारण १,५०० किलोमीटर धावली. तेव्हापासून पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढून वर आल्यावर आणि पुढे आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबल्यावर एसीच्या झोतातून ऑइल जळाल्याचा वास येतो. वेगात गाडी चालू असताना तो जाणवत नाही. पार्किंगच्या फरशीवर डाग पडत नाही, सायलेन्सरमधून निळा धूर दिसत नाही, आणि डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजायच्या काडीवरची, पातळी वरच्या खुणेपासून थोडी खाली आली आहे. एका गॅरेजने क्लच प्लेट गेल्याचे सांगितले, दुसऱ्याने रिंग-पिस्टनचे काम काढावे लागेल असे सांगितले, आणि दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा हे तुम्ही विचारले आहे.

या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न गुंतलेले आहेत. जळते आहे ते इंजिन ऑइलच आहे का, हा पहिला. आणि ऑइलच असेल, तर ते सिलिंडरच्या आत जळते आहे की बाहेर गळून गरम भागावर पडते आहे, हा दुसरा. दोन्ही गॅरेजांनी या प्रश्नांची उत्तरे न शोधताच थेट खर्चाचा आकडा सांगितलेला दिसतो. तुमच्या वर्णनावरून माझा कल असा आहे की ऑइल बाहेरच गळते आहे, ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरमधला गरम धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागावर) पडून जळते आहे आणि त्याचा उगम बहुधा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या सर्वांत वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमध्ये आहे. मात्र हा केवळ कल आहे. इंजिनाची मांडणी, मागच्या सर्व्हिसिंगमध्ये नेमके काय उघडले गेले, आणि गाडी रोज शहरात चालते की महिन्यातून दोनदाच बाहेर निघते, यांवर पुढच्या बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत. म्हणून निदान कसे करावे तेच सांगतो, म्हणजे तिसऱ्या गॅरेजमध्ये जाताना तुमच्या हातात काहीतरी ठोस असेल.

त्याआधी गाडी चालवत राहावी की नाही ते स्पष्ट करतो, कारण हा भाग थांबवून ठेवण्यासारखा नाही. केवळ वास येत असेल आणि पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये असेल, तर जपून गॅरेजपर्यंत जाण्यास हरकत नाही. परंतु बोनेटच्या फटीतून धूर दिसू लागला, किंवा डॅशबोर्डवर ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. तो लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो लागतो तेव्हा बेअरिंगपर्यंत ऑइल पुरेशा दाबाने पोहोचत नसते, आणि 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' या विचाराने गेलेली इंजिने मी पुष्कळ उघडली आहेत. धूर दाट असेल, तर बोनेट एकदम पूर्ण उघडू नये, कारण धुमसणाऱ्या जागेला अचानक भरपूर हवा मिळाल्यास ज्वाळा उठू शकते. माणसांना बाहेर काढून गाडीपासून दूर न्यावे. इंजिन ऑइलचा ज्वलनबिंदू साधारणपणे २०० अंश सेल्सिअसच्या वर असतो आणि घाटात ताण घेतलेल्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याहून बराच अधिक तापतो, हे लक्षात घेतले म्हणजे मोठ्या गळतीची दुरुस्ती पुढे ढकलू नये असे का म्हणतात ते कळते.

आता पहिला प्रश्न. गाडीत जळका वास येण्याची कारणे अनेक आहेत आणि घाटात ती एकत्रही येतात. क्लच प्लेट घासली गेली, तर वास जळक्या कागदासारखा, घशाला झोंबणारा येतो. तो चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवल्यावर किंवा चढावर रिव्हर्स घेतल्यावर लगेच येतो आणि सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटांत विरतो. सोबत इंजिनाचे आवर्तन वाढते पण वेग वाढत नाही, अशी घसरण जाणवत असेल तर क्लचचा संशय पक्का होतो. तुम्ही तशी घसरण लिहिलेली नाही. ब्रेक अडकला असेल तर एकाच चाकाजवळ उष्णता आणि वास असतो. हात चाकाला न लावता नुसता जवळ नेला तरी फरक कळतो. कूलंट गळत असेल तर वास गोडसर येतो आणि काचेवर आतून चिकट वाफ धरते. वायर वितळत असेल तर प्लॅस्टिकचा वास येतो, आणि तेव्हा बाकी काही न पाहता बॅटरीची जोडणी सोडवणे योग्य.

इंजिन ऑइलचा वास तापलेल्या तव्यावर तेल सांडल्यासारखा, जड आणि तेलकट असतो आणि इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटे बोनेटजवळ रेंगाळतो. त्याच्याशी हमखास गल्लत होते ती ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, ग्रीसची. शाफ्टचा रबरी बूट फाटला की फिरत्या सांध्यातून ग्रीस चहूकडे उडते आणि आतल्या बाजूचा बूट असेल तर थेट सायलेन्सरच्या पाइपवर जाऊन जळते. वास जवळजवळ ऑइलसारखाच, पण डिपस्टिकची पातळी जागच्या जागी. म्हणून गाडी वर घेतल्यावर दोन्ही बूट हाताने दाबून, वळणांच्या खाचा उघडून पाहावेत. आणखी दोन साधी कारणे: रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी पाइपला चिकटून वितळलेली असणे, आणि पावसाळ्याआधी तळाला मारून घेतलेले गंजरोधक कोटिंग चुकून सायलेन्सरवरही उडालेले असणे. दुसऱ्या कारणाने येणारा वास चार-आठ दिवसांत आपोआप जातो, आणि तो मुकाट्याने सहन करण्यापलीकडे त्यावर उपाय नाही.

तुमच्या गाडीत पातळी खाली आली आहे, म्हणून ऑइल कुठेतरी जाते आहे हे मी धरून चालतो. परंतु पातळी कशी मोजली यावर हे अवलंबून आहे. गाडी सपाट जागी असावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे गेलेली असावीत, काडी पुसून पुन्हा पूर्ण आत घालून मग वाचावी. अनेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरच्या आसपास अंतर असते, त्यामुळे बोटभर फरकातही बरेच ऑइल लपलेले असते. सर्व्हिसिंगनंतर पातळी नेमकी वरच्या खुणेवर होती की ऑइल मुळातच कमी भरले गेले होते, हे कोणी पाहिले होते का, तेही आठवून पाहा.

आता दुसरा प्रश्न, आत की बाहेर. सिलिंडरमध्ये जळणारे ऑइल धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडते, म्हणजे त्याचा वास तुमच्या मागच्या गाडीतल्या माणसाला आधी येतो. व्हॉल्व्ह सील (वरचे ऑइल व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये उतरू न देणारी रबरे) गेले असतील तर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धुराचा एक लोट निघतो, किंवा लांब उतार गिअरमध्ये उतरून खाली पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच तो दिसतो. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असतील तर चढावर ताण देताना धूर सतत येतो आणि स्पार्क प्लगच्या टोकांवर काळी ओलसर काजळी बसते. तुमच्या पत्रात यांपैकी काहीच नाही. उलट वास एसीच्या वाटेने आत येतो आहे. एसीसाठी बाहेरची हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बोनेटच्या मागच्या कडेला असते. गाडी वेगात असताना इंजिनाभोवतीची हवा खालून मागे निघून जाते. थांबल्यावर तीच गरम हवा वर चढते आणि त्या जाळीत ओढली जाते. फक्त थांबल्यावर वास येणे, हे इंजिनाच्या वरच्या भागात बाहेर ऑइल जळत असल्याचे पुष्कळ चांगले लक्षण आहे. सहज पडताळायचे असेल, तर वास येत असताना एसी आतल्या हवेवर करून पाहावा: वास पाच मिनिटांत उणावला तर तो बोनेटखालून येतो आहे. हा उपाय म्हणून मात्र कायम वापरू नये, कारण मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटून एक्झॉस्टचा वायूच आत येत असेल तर वास झाकला जाईल आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड, ज्याला स्वतःचा वास नसतो, आत येतच राहील.

घाटाचाही यात हात आहे, आणि याचा विचार गॅरेजमध्ये सहसा होत नाही. आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे टॅपेट कव्हरखाली, ऑइल सतत पसरत आणि निथळत असते. गाडीचे नाक वर झाले की ते मागच्या, म्हणजे आपल्या पायांच्या बाजूच्या भिंतीकडे साचते. ज्या इंजिनांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच बाजूला असतो, त्यांत पॅकिंगची मागची कड चढावर ऑइलमध्ये बुडते आणि झिरपलेले थेंब सरळ मॅनिफोल्डवर उतरतात. त्याच वेळी इंजिनावर ताण असल्यामुळे मॅनिफोल्ड सर्वाधिक तापलेला असतो. सपाट रस्त्यावर हेच पॅकिंग जेमतेम ओलसर राहते. थेंब जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच जळून जातो, म्हणून फरशी कोरडी. ज्यांचा मॅनिफोल्ड रेडिएटरच्या बाजूला आहे अशा गाड्यांत हे गणित उलटे बसते आणि वास बहुधा उतारावर किंवा उतरून थांबल्यावर येतो. तुमच्या गाडीत मॅनिफोल्ड कुठल्या बाजूला आहे ते बोनेट उघडून एकदा पाहून घ्या. निदानाचा अर्धा भाग तिथेच होतो.

सर्व्हिसिंगनंतर वास सुरू झाला, हा योगायोग नसावा, म्हणून तिथे झालेल्या कामाची तपासणी आधी करावी. ऑइल भरताना थोडे सांडले असेल किंवा फिल्टर काढताना ओघळ आला असेल, तर त्याचा वास शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये संपायला हवा. १,५०० किलोमीटरनंतरही तो येत असेल तर ते सांडलेले ऑइल नव्हे. वरचे झाकण नीट बसले आहे का आणि त्याची रबरी रिंग कडक झाली आहे का, हे हाताने कळते. फिल्टरची जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसवली, तर मोठी गळती होते, पण ती सहसा पहिल्याच दिवशी कळते. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याच्या, बोल्टखालचा वायसर जुनाच पुन्हा लावला असेल तर थेंब खाली पडतो, मॅनिफोल्डवर जात नाही. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरले गेले असेल, तर क्रँक (इंजिनातला फिरता मुख्य दांडा) ते घुसळते, फेस होतो आणि जास्तीचे ऑइल हवेच्या नळीतून इनटेककडे ओढले जाते; तुमची पातळी वरच्या खुणेखाली असल्यामुळे आता तो प्रश्न उरलेला नाही. फिल्टरजवळचा ऑइल प्रेशर स्विच मात्र अवश्य पाहावा. तो लहानसा असतो, त्याच्या वायरच्या टोकातून ऑइल झिरपते आणि संपूर्ण बाजू ओली करते. कित्येकदा त्याच्या नावावरचा दोष क्रँक सीलवर ढकलला जातो.

गळतीची जागा शोधताना एकच नियम पाळावा: आधी स्वच्छ करा, मग पाहा. वर्षानुवर्षांच्या चिकट काजळीत ताजी गळती ओळखता येत नाही. इंजिन थंड असताना डीग्रीझर आणि ब्रश यांनी टॅपेट कव्हरची कड, हेडची (इंजिनाच्या डोक्याची) मागची बाजू, टायमिंग कव्हर (इंजिनाच्या टोकाचे, टायमिंगची साखळी झाकणारे झाकण) आणि मॅनिफोल्डवरचे पत्र्याचे हीट शील्ड पुसून काढावे. उच्च दाबाच्या पाण्याने इंजिन धुऊ नये. पाणी अल्टरनेटर, इग्निशन कॉइल आणि वायरिंगच्या जोडांत शिरते आणि मग ऑइल राहते बाजूला, नवेच दुखणे मागे लागते. स्वच्छ केल्यावर पन्नासेक किलोमीटर गाडी चालवावी, त्यात एखादा चढ असावा, आणि मग टॉर्च व लहान आरसा घेऊन पाहावे. ऑइल खाली आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका हाच उगम मानावा. खालच्या चेंबरवर ऑइल दिसले म्हणून चेंबरचे पॅकिंग बदलणाऱ्यांचे पैसे याच कारणाने वाया जातात. डोळ्यांनी कळले नाही तर संशयित जोडावर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरावी. जिथून ऑइल येते तिथे तपकिरी रेघ उमटते. त्यानेही न जमल्यास ऑइलमध्ये घालायचा फ्लुरोसंट रंग आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च हा मार्ग आहे.

स्पार्क प्लगच्या विहिरीही या वेळी उघडून पाहा. कॉइल काढल्यावर प्लगभोवती ऑइल साचलेले दिसले, तर टॅपेट कव्हरखालचे प्लग ट्यूबचे सील गेले आहेत आणि कव्हर उघडण्याचे कारण नक्की झाले. ते ऑइल पुसल्याशिवाय प्लग काढू नये. नाहीतर सगळे सिलिंडरमध्ये उतरते.

समजा टॅपेट कव्हरचेच पॅकिंग निघाले. तरी ते लगेच बदलू नये. ते का गेले हे आधी विचारावे. आठ वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, हे स्वाभाविक कारण आहे आणि बहुतेक वेळा तेवढेच असते. परंतु पिस्टनच्या बाजूने थोडे वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये निसटत असतात आणि ते पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेककडे जाऊन पुन्हा जळावेत अशी रचना असते. तो व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी चिकट्याने तुंबली, तर आतला दाब वाढतो आणि सर्वांत कमकुवत जोडातून ऑइल बाहेर ढकलतो. अशा वेळी नवे पॅकिंग सहा महिन्यांत पुन्हा ओले होते आणि दोष पॅकिंगच्या दर्जाला दिला जातो. तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलवर ठेवावे, बाह्या आणि ओढणी पट्ट्यापासून दूर ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढावे आणि तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा अलगद धरावा. तो किंचित आत ओढला गेला किंवा जागच्या जागी थरथरला तर ठीक. तो फुग्यासारखा वर उठत असेल, तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह साफ करावा किंवा बदलावा. त्यानंतरही दाब तसाच राहिला, तरच रिंगांकडे संशयाने पाहायचे, आणि तेही कॉम्प्रेशन टेस्ट करून, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून. ज्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी येते त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्हकडे वळावे. ही चाचणी न करता रिंग-पिस्टनचे काम सुचवणाऱ्याला इंजिन उघडू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅकिंग बसवण्याचे काम लहान आहे, पण निष्काळजीपणाला भरपूर वाव देणारे आहे. भाग स्वस्त असतो. मूळ कंपनीचाच घ्यावा, कारण स्वस्त पर्यायी रबर एका उन्हाळ्यात आकसते. दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावेत, धातूच्या पात्याने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात. पॅकिंग कोरडे बसवावे आणि सिलिकॉनचा ठिपका केवळ तिथेच द्यावा जिथे टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा पॅकिंगखाली येतो. सगळीकडे सिलिकॉन फासणे ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. आत पिळून गेलेला जास्तीचा भाग सुटून चेंबरमध्ये पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. बोल्ट मध्यातून बाहेर या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळावेत. अनेक छोट्या इंजिनांत या बोल्टांचा टॉर्क १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाच्या जोरानेही तो सहज ओलांडला जातो. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घेऊन टॉर्क पान्यानेच आवळायला सांगा. कव्हर प्लॅस्टिकचे असेल तर ते सपाट पृष्ठभागावर ठेवून वाकले आहे का पाहावे, कारण वाकलेल्या कव्हरला कोणतेही पॅकिंग वाचवत नाही. काही इंजिनांत पीसीव्ही व्हॉल्व्ह कव्हरमध्येच बसवलेला असतो. तसे असेल तर पूर्ण कव्हर बदलणेच शेवटी स्वस्त पडते.

उगम खाली, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात निघाला, म्हणजे क्रँकचे मागचे सील ओले असेल, तर हिशेब वेगळा. सील स्वस्त, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. केवळ ओलावा असेल, थेंब पडत नसेल आणि क्लचवर ऑइल गेलेले नसेल, तर मी ते काम क्लच बदलण्याच्या वेळेपर्यंत ढकलतो आणि दर महिन्याला पातळी पाहायला सांगतो. याउलट मॅनिफोल्डवर पडणारी गळती कितीही लहान असली तरी मी ढकलत नाही. डिझेल किंवा टर्बो असलेल्या गाड्यांत टर्बोला ऑइल नेणारी आणि परत आणणारी नळी हा आणखी एक उगम असतो आणि तोही ढकलण्यासारखा नाही.

तुम्हाला कोणीतरी 'जाड ऑइल भरा, गळती थांबेल' असेही सांगेल. कडक झालेल्या रबरातून जाड ऑइलही झिरपते, फक्त थोडे सावकाश. उलट ज्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ ऑइलच्या दाबावर बदलते, त्यांत कंपनीने सांगितलेल्या श्रेणीपेक्षा जाड ऑइल सकाळच्या थंड सुरुवातीला वर पोहोचायला वेळ लावते. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दलही माझे मत फारसे बरे नाही.

काम झाल्यावर वास त्याच दिवशी जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. हीट शील्डच्या मागे आणि मॅनिफोल्डच्या खाचांत मुरलेले ऑइल जळून संपायला दोनशे-तीनशे किलोमीटर लागू शकतात. काम घेताना ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून डिपस्टिकचा फोटो काढून ठेवा, आणि ५०० किलोमीटरनंतर त्याच जागी गाडी उभी करून दुसरा काढा. साताऱ्याची एक फेरी झाल्यावर पॅकिंगच्या मागच्या कडेवरून पांढरा कागद फिरवून पाहा. कागद कोरडा निघाला, पातळी हलली नाही आणि तरीही वास येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टच्या बुटांकडे पुन्हा वळावे लागेल. पातळी उतरत राहिली आणि बाहेर सगळे कोरडे असेल, तर मात्र कॉम्प्रेशनचे आकडे घेऊन मला पुन्हा विचारा. सोबत चारही प्लगच्या टोकांचे फोटो असू द्या.